वैद्यकीय प्रवेश आणि मुलाखतीची कसोटी



डॉक्टर होऊ इच्छिणाऱ्या तरुणाला रसायनशास्त्र किती येते, हे त्याच्या उत्तरपत्रिकेवरून कळते. परंतु तो रुग्णाचे बोलणे धीराने ऐकून घेईल काय, हातून झालेली चूक लपविण्याऐवजी वेळीच वरिष्ठांना सांगेल काय, हे तीवरून कळत नाही. रुग्णाच्या दृष्टीने मात्र हे प्रश्न ज्ञानाच्या प्रश्नाइतकेच महत्त्वाचे असतात. म्हणूनच जगातील अनेक वैद्यकीय महाविद्यालयांनी लेखी परीक्षेला मुलाखतीची जोड दिली. उमेदवाराला समोर बसवून काही वेळ बोलले म्हणजे माणूस कळतो, अशी त्यामागील समजूत होती. ही समजूत कितपत खरी आहे, आणि ती खरी नसेल तर तिच्या जागी काय ठेवावे, हा प्रस्तुत व्याख्यानाचा विषय आहे.

1979 साली अमेरिकेतील टेक्सास राज्यात या समजुतीची अनपेक्षितपणे परीक्षा झाली. ह्यूस्टन येथील वैद्यकीय महाविद्यालयाने सुमारे 800 उमेदवारांच्या मुलाखती घेऊन त्यांची क्रमवारी लावली होती व 150 विद्यार्थी निवडले होते. निवड आटोपल्यावर राज्याच्या विधिमंडळाने आणखी 50 जागा भरावयास लावल्या. तोपर्यंत यादीतील वरचे उमेदवार इतरत्र प्रवेश घेऊन चुकले होते. साहजिकच हे 50 जण यादीच्या तळातून घ्यावे लागले. पुढे दोन्ही गटांच्या प्रगतीची तुलना करण्यात आली आणि तिचे निष्कर्ष 1987 साली अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. वर्गातील अभ्यास, रुग्णालयातील काम आणि पदवीनंतरचे पहिले वर्ष, यांपैकी कोठेही दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. या गटांतील मूळचे अंतर मुख्यतः मुलाखतीत बनलेल्या मतांमुळे पडलेले होते, ही गोष्ट येथे विशेष ध्यानात घेतली पाहिजे.

अनुभवी प्राध्यापकांच्या हातून असे का व्हावे? त्याची दोन कारणे सांगता येतील. एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1920 साली लष्करी अधिकाऱ्यांनी केलेल्या मूल्यमापनाचा अभ्यास करून असे दाखवून दिले की, एखाद्या व्यक्तीचा एक गुण डोळ्यांत भरला की परीक्षक तिच्या इतर गुणांनाही त्याच मापाने मोजू लागतो. नीटनेटका पोशाख आणि सफाईदार बोलणे यांच्यावरून सचोटी व सहानुभूती यांचेही गुण नकळत दिले जातात. दुसरे कारण असे की, मनुष्याचे वर्तन प्रसंगानुसार बदलते. वादविवादात शांत राहणारा माणूस रडणाऱ्या नातेवाइकासमोर गोंधळून जाऊ शकतो. शितावरून भाताची परीक्षा करता येते, कारण सर्व शिते एकाच आधणात शिजलेली असतात. मनुष्याच्या बाबतीत तसे नसते.

भारतात या दोषाला अन्यायाचे स्वरूप आले आणि तो प्रश्न न्यायालयापर्यंत गेला. म्हैसूर राज्यातील वैद्यकीय व अभियांत्रिकी प्रवेशांसंबंधीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1964 साली मुलाखतीची पद्धत वैध ठरविली. परंतु 1970 साली तामिळनाडूतील वैद्यकीय प्रवेशांत मुलाखतीसाठी ठेवलेल्या 75 गुणांचे वाटप त्याच न्यायालयाच्या टीकेस पात्र झाले. पुढे श्रीनगरच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयाचे प्रकरण आले. तेथे लेखी परीक्षेला 100 आणि तोंडी परीक्षेला 50 गुण होते. मुलाखत दोन-तीन मिनिटांत संपे, आणि तीत आईवडील व राहण्याचे ठिकाण यांची चौकशी होई, अशी तक्रार होती. नोव्हेंबर 1980 मधील निकालपत्रात न्यायमूर्ती भगवती यांनी असे नमूद केले की, मुलाखतीला एकूण गुणांच्या 15 टक्क्यांहून अधिक वाटा देणे मनमानीचे होईल. शिवाय मुलाखतींचे ध्वनिमुद्रण करणे इष्ट आहे. ज्याच्या घरात कोणी कधी महाविद्यालयाची पायरी चढले नाही, अशा मुलाच्या दृष्टीने या निकालाचे महत्त्व सांगावयास नको.

मुलाखत टाकून द्यावी, की सुधारावी? कॅनडातील हॅमिल्टन येथील मॅकमास्टर विद्यापीठाने दुसरा मार्ग स्वीकारला. स्कॉटलंडमधील डंडी येथे रोनाल्ड हार्डन यांनी 1975 साली विद्यार्थ्यांच्या प्रात्यक्षिक परीक्षेसाठी एक पद्धत मांडली होती. तीत विद्यार्थी एकामागून एक अनेक टेबलांवर जाऊन निरनिराळी कामे करून दाखवीत असे. केव्हिन इव्हा आणि त्यांचे सहकारी यांनी तीच कल्पना प्रवेशाला लागू केली व 2004 साली तिचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. एका प्रदीर्घ मुलाखतीऐवजी दहा छोट्या मुलाखती घ्यावयाच्या, अशी ही योजना आहे. उमेदवाराने दाराबाहेर लावलेला प्रसंग दोन मिनिटे वाचावयाचा, आत जाऊन आठ मिनिटे त्याला सामोरे जावयाचे आणि मग पुढच्या खोलीकडे वळावयाचे. एका खोलीत विमानप्रवासाला घाबरलेली सहकारी बसलेली असते. ती वस्तुतः अभिनेत्री असते. तिला धीर कसा द्यावा, यासाठी वैद्यकाचे ज्ञान लागत नाही. मात्र ऐकून घेण्याची तयारी लागते.

प्रत्येक खोलीत परीक्षक निराळा असतो आणि उमेदवार आधीच्या खोलीत कसा वागला, हे त्याला ठाऊक नसते. त्यामुळे एकाचा पूर्वग्रह दहा मतांत विरून जातो आणि एखाद्या प्रसंगी अडखळलेल्या उमेदवारालाही आणखी नऊ संधी मिळतात. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, या पद्धतीने निवडलेले विद्यार्थी, तीत नाकारल्या जाऊन अन्यत्र शिकलेल्यांपेक्षा, कॅनडातील परवाना परीक्षांत सरस ठरले.

तथापि ही पद्धत खर्चिक आहे, पुष्कळ मनुष्यबळ मागते आणि तिचीही शिकवणी लावता येते. भारतात 2016 पासून पदवीपूर्व वैद्यकीय प्रवेश सामायिक परीक्षेच्या गुणांवर होतात. 2024 साली त्या परीक्षेला 23 लाखांहून अधिक उमेदवार बसले. एवढ्यांच्या मुलाखती घेणे अशक्यच आहे. वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयाने आपली जुनी निवडपद्धत टिकविण्यासाठी 2017 साली पदवीच्या 100 जागांपैकी एकच भरली. पण 2020 साली सर्वोच्च न्यायालयाने सामायिक परीक्षा अल्पसंख्याक संस्थांनाही बंधनकारक असल्याचे स्पष्ट केले.

याचा अर्थ स्वभावाची पारख करण्याचे काम संपले, असा नव्हे. ते प्रवेशद्वारावरून वॉर्डात गेले आहे. 2019 पासून लागू झालेल्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीती आणि संवाद या विषयांना स्वतंत्र स्थान देण्यात आले आहे. मॅकमास्टरचा धडा येथेही उपयोगी पडावा. विद्यार्थ्याविषयीचे मत एका प्राध्यापकाने एका तोंडी परीक्षेत बनवू नये. निरनिराळ्या प्रसंगी, निरनिराळ्या माणसांनी, त्यांत परिचारिका व रुग्णही आले, त्याला पाहिलेले असावे. हे काम वेळखाऊ आहे हे खरे. परंतु साडेचार वर्षे विद्यार्थी महाविद्यालयाच्या डोळ्यांसमोरच असतो, आणि इतका अवधी कोणत्याही मुलाखतीला मिळत नाही.