शिट्टी ज्यांच्या हाती
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी माझ्याकडे विषय मागितला आणि मी ‘जर्मन फुटबॉल पंच’ असे सांगितले, तेव्हा त्यांचा चेहरा किंचित उतरला. संतवाङ्मय, नाट्यसंगीत, निदान लोकमान्य, अशी त्यांची अपेक्षा असावी. परंतु कोलकात्यात नऊ वर्षे काढलेल्या माणसाने फुटबॉलवर बोलू नये तर कशावर बोलावे? मी मूळचा क्रिकेटवाला. बदली होऊन येथे आलो आणि कचेरीतील सहकाऱ्यांनी मला मोहन बागान आणि ईस्ट बंगालच्या सामन्याला नेले. परतताना बसमध्ये खेळाडूंविषयी कोणी अवाक्षर काढीत नव्हते. सारे मिळून पंचाचा उद्धार करीत होते. त्या दिवसापासून माझे लक्ष चेंडूवरून उडाले आणि शिट्टीवाल्याकडे लागले.

जर्मन पंचच का, असे कोणी विचारील. त्याचे कारण असे की, ही माणसे पोटापाण्यासाठी दुसरेच काही करीत असत. कोणी शिंपी, कोणी दंतवैद्य, कोणी पोलीस, आणि एक तर माझ्यासारखा सरकारी नोकर. आठवडाभर आपला धंदा सांभाळायचा आणि शनिवारी हजारो माणसांसमोर असे निर्णय द्यायचे की, ज्यांवर त्या क्षणी अपील नाही. आम्हां कारकुनी जगातल्यांना हे नवल वाटते. आमच्याकडे एका निर्णयाखाली पाच सह्या असतात आणि चूक झाली तर ती पाचांत वाटली जाते.

त्यांतील शिंप्यापासून आरंभ करतो. २३ जुलै १९६६. लंडनचे वेम्ब्ली मैदान, विश्वचषकाचा उपांत्यपूर्व सामना, इंग्लंड विरुद्ध अर्जेंटिना. पंच होते स्टुटगार्टचे रुडॉल्फ क्राइटलाइन. अंगाने लहानखुरे, डोक्यावर केस बेताचेच. समोर अर्जेंटिनाचा कर्णधार अंतोनिओ रात्तीन, सहा फुटांहून उंच. क्राइटलाइन प्रत्येक आगळीक टिपून घेत होते आणि रात्तीन दर वेळी जाब विचारायला येत होता. पंचाला स्पॅनिश येत नाही, कर्णधाराला जर्मन येत नाही. रात्तीन दंडावरची कर्णधाराची पट्टी दाखवून दुभाषी मागत होता, असे तो पुढे सांगत राहिला. क्राइटलाइन यांचे म्हणणे असे की, शब्द कळले नाहीत तरी चेहरा कळला. पहिला अर्धा डाव संपण्यापूर्वीच त्यांनी त्याला मैदानाबाहेर जाण्यास सांगितले.

रात्तीन जाईना. त्याला खरोखर कळले नव्हते की कळून घ्यायचे नव्हते, हे त्याचे त्यालाच ठाऊक. सात-आठ मिनिटे खेळ खोळंबला. अखेर तो निघाला, तो राणीसाठी अंथरलेल्या तांबड्या गालिच्यावर जाऊन बसला. इंग्लंडने सामना एका गोलने जिंकला आणि शेवटी क्राइटलाइन यांना पोलिसांच्या कड्यातून बाहेर न्यावे लागले.

आता यातील प्रशासनाचा भाग पाहा. त्याच दिवशी शेफील्डला पश्चिम जर्मनी आणि उरुग्वे यांचा सामना होता, त्यात पंच इंग्लिश, आणि त्याने उरुग्वेचे दोन खेळाडू बाहेर काढले. इंग्लंडच्या सामन्याला जर्मन पंच, जर्मनीच्या सामन्याला इंग्लिश पंच! दक्षिण अमेरिकेत संशय पिकला तर नवल काय? क्राइटलाइन यांच्या सचोटीबद्दल मला शंका नाही. परंतु नेमणुकांचा तो कागद माझ्या टेबलावर आला असता, तर मी तो शेरा मारून परत पाठवला असता.

या सामन्यात पंचांची व्यवस्था केन ॲस्टन या माजी इंग्लिश पंचाकडे होती. रात्तीनची समजूत काढायला तेही मैदानात उतरले होते. गोंधळ तेवढ्यावरच संपला नव्हता. इंग्लंडच्या चार्लटन बंधूंना पंचांनी ताकीद दिल्याचे दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छापून आले, तेव्हा कुठे त्यांच्या गोटात ते कळले. ॲस्टन या विचारातच मोटारीने घरी निघाले होते. केन्सिंग्टन हाय स्ट्रीटवर वाहतुकीचा दिवा पिवळा झाला, मग तांबडा झाला, आणि त्यांना उत्तर सापडले. पिवळे म्हणजे जपून, तांबडे म्हणजे बस्स. त्याला दुभाषी लागत नाही. आपल्यापैकी ज्या भगिनी लग्न होऊन प्रथम या शहरात आल्या आणि बंगालीचा गंध नसताना मासळीबाजारात बोटांनी भाव ठरवू लागल्या, त्यांना या शोधाचे मोल मी सांगायला नको.

ही कार्डे विश्वचषकात प्रथम आली १९७० साली, मेक्सिकोत. ३१ मे रोजी यजमान मेक्सिको आणि सोव्हिएत संघ यांच्यात पहिला सामना झाला आणि विश्वचषकातील पहिले पिवळे कार्ड खिशातून काढले तेही एका जर्मनानेच, मानहाइमच्या कुर्ट चेन्शर यांनी. तांबडे कार्ड त्या संपूर्ण स्पर्धेत कोणालाच दाखवावे लागले नाही. त्याच स्पर्धेत ब्राझील आणि इटली यांच्या अंतिम सामन्याला पंच होते रूडी ग्लोकनर, लाइपझिगजवळच्या गावचे, म्हणजे तेव्हाच्या पूर्व जर्मनीचे. पश्चिम जर्मनीचा संघ उपांत्य फेरीत इटलीकडून हरला होता आणि पूर्व जर्मनीचा संघ त्या स्पर्धेत नव्हताच. देशाचे दोन तुकडे झालेले, आणि अंतिम सामन्यात जर्मन माणूस एकच, तोही शिट्टी घेऊन उभा!

सरकारी नोकराचे नाव वाल्टर एशवायलर. बॉनच्या परराष्ट्र खात्यातले अधिकारी. १९८२ साली स्पेनमध्ये इटली-पेरू सामन्यात पेरूच्या एका खेळाडूची धडक बसून ते उताणे पडले आणि ते दृश्य जगभर पाहिले गेले. उठले, सावरले, खेळ पुढे चालू केला. परराष्ट्र खात्यात अशी सवय होत असावी.

आता दंतवैद्य. मार्कुस मेर्क, कायझर्सलाउटर्नचे. २००३ साली चॅम्पियन्स लीगचा आणि २००४ साली लिस्बनला युरोपीय अजिंक्यपदाचा अंतिम सामना त्यांनी चालवला. आपल्याला जवळचे वाटावे असे म्हणजे हे गृहस्थ तामिळनाडूत येऊन गरीब मुलांच्या दातांवर उपचार करीत आणि तेथील मुलांच्या शाळेसाठी त्यांनी पुष्कळ खटपट केली. परंतु जर्मनीत त्यांचे नाव काढले की लोकांना आठवतो तो एक दिवस, १९ मे २००१.

बुंडेसलिगाचा शेवटचा दिवस. शाल्के संघाने आपला सामना ५-३ असा जिंकला होता. १९५८ नंतर त्यांना अजिंक्यपद मिळाले नव्हते. तिकडे हॅम्बुर्गला बायर्न म्युनिकला फक्त बरोबरी हवी होती, आणि नव्वदाव्या मिनिटाला हॅम्बुर्गने गोल केला. शाल्केच्या मैदानात माणसे रडू लागली, एकमेकांना मिठ्या मारू लागली. तीन-चार मिनिटे ते विजेते होते. तोवर हॅम्बुर्गच्या एका खेळाडूने चेंडू पायाने मागे लोटला आणि गोलरक्षकाने तो हातांत उचलला. हा गोलरक्षक शाल्केनेच हॅम्बुर्गला उसना दिलेला होता! मेर्क यांनी शिट्टी वाजवली: सहकाऱ्याने मुद्दाम मागे दिलेला चेंडू हाती धरला, म्हणून अप्रत्यक्ष फ्री किक. आंदेरसनने ती जाळ्यात मारली आणि ६३ विरुद्ध ६२ गुणांनी बायर्न अजिंक्य झाले. तेव्हा बायर्नचा ऑलिव्हर कान कोपऱ्यातले निशाण उपटून नाचला. तोच कान २००८ च्या मे महिन्यात मोहन बागानविरुद्ध आपल्या सॉल्ट लेकच्या मैदानावर खेळून गेला, हे येथील काहींना आठवत असेल.

तो चेंडू मुद्दाम मागे दिला होता की सहज लागला, यावर जर्मनीत आजही वाद होतो. मला विचाराल तर निर्णय नियमाला धरून होता. पण मेर्क पुन्हा शाल्केच्या सामन्यात शिट्टी घेऊन उतरले नाहीत.

याच्या उलट रॉबर्ट होयझर. २००४ च्या ऑगस्टमध्ये खालच्या विभागातील पाडरबोर्न संघाशी हॅम्बुर्गचा सामना होता. हॅम्बुर्ग दोन गोलने पुढे होते, मग त्यांच्या एका खेळाडूला तांबडे कार्ड, विरुद्ध दोन पेनल्टी, आणि शेवट ४-२ असा पराभव. होयझर जुगाऱ्यांकडून पैसे घेत होता. त्याला उघडे पाडले ते पोलिसांनी नव्हे, त्याच्याच चार सहपंचांनी जाऊन सांगितले म्हणून. त्याला दोन वर्षे पाच महिन्यांची सजा झाली. आपल्याच पंक्तीतल्या माणसाविरुद्ध जाऊन सांगणे काय असते, हे नोकरीतल्यांनी मनाशी ताडून पाहावे. मला शिक्षेपेक्षा ते चौघे अधिक आठवतात.

पण प्रामाणिक माणसाच्या चुकीचे काय करायचे? १९९४ साली म्युनिकला हेल्मरने मारलेला चेंडू खांबाच्या बाहेरून गेला. सीमापंचाने गोल दाखवला, पंच ओस्मर्स यांनी तो दिला. जर्मन संघटनेने सामना पुन्हा खेळवला आणि अन्याय झालेला न्यूरेंबर्ग संघ ५-० असा हरला! २०१३ साली कायद्याचे डॉक्टर असलेले फेलिक्स ब्रिख यांच्यासमोर चेंडू बाजूच्या जाळीच्या भोकातून आत गेला आणि तो गोल धरला गेला. या वेळी निकाल कायम राहिला. पुढे यंत्रे आली, दूरदर्शनचे पडदे आले.

माझ्या एका जुन्या ठिकाणी ज्येष्ठतेच्या यादीवर मी सही केली. एका कर्मचाऱ्याचे नाव दोन ओळी खाली गेले होते. ते माझ्या नजरेतून सुटले. अर्जफाटे झाले, यादी दुरुस्तही झाली, परंतु तोवर तो मनुष्य निवृत्त झाला होता. पेढे घेऊन माझ्याकडे आला आणि चुकीविषयी एक शब्द बोलला नाही. शाल्केच्या त्या चार मिनिटांविषयी वाचताना मला ते पेढे आठवतात.

महिलांचा उल्लेख न करता बसलो तर घरी उत्तर द्यावे लागेल. हानोव्हरकडील पोलीस अधिकारी बिबियाना स्टाइनहाउस यांनी २०११ च्या महिला विश्वचषकाचा अंतिम सामना चालवला आणि १० सप्टेंबर २०१७ रोजी बर्लिनला पुरुषांच्या बुंडेसलिगात शिट्टी वाजवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. सामना १-१ असा सुटला.

क्राइटलाइन २०१२ साली, ब्याण्णवाव्या वर्षी वारले. अध्यक्षांनी दोनदा घड्याळाकडे पाहिले आहे आणि स्वयंपाकघरातून मसालेभाताचा वास येऊ लागला आहे.