तीन मिनिटं



आपल्या मराठी पवित्र शास्त्रात, पौलाच्या पत्रांत, मंडळीच्या पुढाऱ्यासाठी ‘अध्यक्ष’ हा शब्द आला आहे. आज तुम्ही मला या संमेलनाची अध्यक्ष केलंत. माझ्याआधी लक्ष्मीबाई टिळकांनाही ख्रिस्ती साहित्य संमेलनानं हा मान दिला होता. साहित्याच्या मांडवात बाई अध्यक्ष झाली की टाळ्या पडतात. तीच बाई रविवारी उपदेशपीठाची पायरी चढायला निघाली की लगेच वचनं काढली जातात. आज मी त्याच पायरीबद्दल बोलणार आहे, आणि कोणाची मर्जी राखून बोलणार नाही.

जून 2023 मध्ये अमेरिकेत न्यू ऑर्लीन्सला सदर्न बाप्टिस्ट कन्व्हेन्शन या मंडळ्यांच्या संघाची वार्षिक सभा भरली होती. लुईव्हिलच्या फर्न क्रीक मंडळीच्या पाळक लिंडा बार्न्स पॉपम तिथं माइकपाशी आल्या. 1993 पासून त्या मंडळीच्या पाळक. तीस वर्षांत किती लग्नं लावली असतील, किती मयतांपुढं उभ्या राहिल्या असतील! बाई पाळक आहे म्हणून मंडळीला संघाबाहेर काढायचं का, यावर बाजू मांडायला त्यांना मिळाली तीन मिनिटं. मग मतदान झालं. 9,700 विरुद्ध 806 मतांनी फर्न क्रीक बाहेर. 2021 मध्ये तीन बायकांना पाळकपदाची दीक्षा देणारी कॅलिफोर्नियातली सॅडलबॅक ही अवाढव्य मंडळीही त्याच सभेत बाहेर गेली.

हे दुसऱ्या कोणी केलं असतं तर मला इतकं लागलं नसतं. पण हे बाप्टिस्टांनी केलं! बाप्टिस्टांचा जन्मच कशातून झाला? देश सोडून ॲमस्टरडॅमला गेलेल्या मूठभर इंग्रजांनी 1609 मध्ये ठरवलं की विश्वास ज्याचा त्यानं धरायचा आणि मंडळीचा कारभार मंडळीनंच पाहायचा. त्यांच्यातला थॉमस हेल्विस 1612 मध्ये इंग्लंडला परतला. राजाही मर्त्य माणूस आहे, प्रजेच्या आत्म्यावर त्याची सत्ता नाही, असं त्यानं खुद्द राजाला लिहून कळवलं आणि त्यापायी तो न्यूगेटच्या तुरुंगात मेला. वर बिशप नाही, पोप नाही. मंडळी प्रार्थना करते आणि आपला पाळक आपण निवडते. फर्न क्रीकनं दुसरं काय केलं होतं?

यावर कन्व्हेन्शनवाल्यांचं उत्तर तयार असतं. आम्ही कोणाचा पाळक काढला नाही, आमच्या पंगतीला कोण बसेल एवढंच ठरवलं. पंगतीतून उठवणं म्हणजे काय, हे तुम्ही आम्हाला सांगू नका! आमच्या आजे-पणज्यांना गावच्या पंगतीत जागा नव्हती, म्हणून तर ते प्रभुभोजनाच्या मेजाशी आले.

मग बाईनं शिकवू नये म्हणणारा, तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा दुसरा अध्याय पुढं केला जातो. वाचा ना, जरूर वाचा. पण तिथंच पुस्तक मिटू नका. रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय काढा. पौल स्वतःला आणि अपुल्लोसला ‘सेवक’ या अर्थाचा जो ग्रीक शब्द लावतो, तोच तो फिबी या बाईला लावतो. अपुल्लोससारख्या विद्वानाला घरी नेऊन शिकवणाऱ्यांत प्रिस्किल्ला होती. आणि पुनरुत्थानाची बातमी सांगायला प्रभूनं आधी मग्दालीया मरीयेला पाठवलं. ती बातमी ऐकणाऱ्यांत पुरुष होते!

1964 मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या डरहॅमच्या वॉट्स स्ट्रीट मंडळीनं ॲडी डेव्हिसना दीक्षा दिली. सदर्न बाप्टिस्टांमधल्या त्या पहिल्या. लगेच पत्रं येऊ लागली. कोणी त्यांना सैतानाची लेक म्हटलं, कोणी नवऱ्याकडून शिकून घे म्हणून सुनावलं. त्यांचं लग्नच झालेलं नव्हतं. सदर्न बाप्टिस्टांत एकाही मंडळीनं त्यांना पाळक म्हणून बोलावलं नाही. त्या दूर उत्तरेला, व्हरमाँटमध्ये, अमेरिकन बाप्टिस्टांच्या मंडळीत गेल्या. वीस वर्षांनी, 1984 मध्ये, कन्व्हेन्शननं ठराव केला आणि त्यात एदेन बागेतलं पहिलं पाप बाईच्या पदरात घातलं.

आणि पैसा? 1873 मध्ये चीनला गेलेली सदर्न बाप्टिस्ट मिशनरी लॉटी मून खेड्यापाड्यांतून वचन सांगत फिरली. तिथल्या पिंगतूत ऐकायला पुरुषही येत. तिनं त्यांना हाकललं नाही. तिच्या सांगण्यावरून 1888 च्या नाताळात बायकांनी मिशनकार्यासाठी 3,315 डॉलर जमवले. तिच्याच नावानं आज दरवर्षी सुमारे वीस कोटी डॉलर उभे राहतात. तिचं नाव चालतं, बायकांनी जमवलेली वर्गणी चालते. तिच्यासारखी बाई पाळक म्हणून चालत नाही.

“बाई, हे अमेरिकेचं भांडण इथं कशाला?” असं काल मला एका वडीलधाऱ्यांनी विचारलं. बाप्टिस्ट आपल्याला परके नाहीत. 1805 मध्ये बंगालातल्या श्रीरामपुरातून मराठीचं व्याकरण छापणारा विल्यम कॅरी बाप्टिस्ट होता. 1970 मध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, त्यात बाप्टिस्टही होते, आणि ते चर्च बायकांना दीक्षा देतं. तेव्हा नियमाची सबब आपल्यापैकी बऱ्याच जणांना सांगताच येणार नाही.

माझी आजी बायबलबाई होती. सहा दिवस पायी खेडी करायची. खांद्याला कापडी पिशवी, तिच्यात शुभवर्तमानाच्या पुस्तिका आणि फडक्यात बांधलेली भाकरी. बाळंतिणीपाशी बसायची, मरणाऱ्याच्या उशाशी गाणं म्हणायची. शनिवारी संध्याकाळी देवळात जाऊन उपदेशपीठ ओल्या फडक्यानं पुसायची. रविवारी बायकांच्या बाजूला चटईवर बसून, नुकत्याच आलेल्या तरुण पाळकाचं ऐकायची. आजीनं गोळा केलेल्या माणसांपुढं तो बोलायचा. तिला त्या जागेवरून एकदाही बोलू दिलं गेलं नाही. आमच्याकडे पाळकीणबाई म्हणजे अजूनही पाळकांची बायको. स्वतः पाळक असलेल्या बाईला काय म्हणायचं, हे मंडळीत अजून कोणाला सुचलेलं नाही.

तिकडे अमेरिकेतल्या त्या कन्व्हेन्शनमध्ये 2024 ला आणि पुन्हा 2025 ला बाई पाळकांवरची बंदी घटनेत घालायचा प्रयत्न झाला. दोन तृतीयांश मतं लागत होती. दोन्ही वेळा साठ-एकसष्ट टक्क्यांवर गाडी अडली. म्हणजे तिथंही ‘नाही’ म्हणणारे चाळीस टक्क्यांच्या आसपास आहेत.

समोर पहिल्या रांगेत पाळकसाहेब बसले आहेत. त्यांच्यामागच्या चौथ्या रांगेत ब्रह्मज्ञानाची पदवी घेतलेल्या तीन मुली बसल्या आहेत. तिघींना रविवारच्या शाळेपलीकडं काम मिळालेलं नाही. साहेब, आपल्या उपदेशपीठावर यांतली कोण उभी राहणार आणि कोणत्या रविवारी, ते मांडव सोडण्याआधी मला सांगा. मी वही घेऊन दाराशी थांबते.