कंपनी सुरू, शाळा बंद

कोरोनाच्या काळात आईबापांवर आलेल्या ताणाविषयी बोलायचं म्हटलं, की चर्चा चिडचिड, उडालेली झोप, मुलांवर उगाच ओरडणं यांवर येते. उपायही त्याच जातीचे सांगितले गेले: दीर्घ श्वास घ्या, मुलांना वेळ द्या. सल्ला चुकीचा नव्हता. पण पुण्याजवळ मोशी सोडून चाकणकडे निघालं की लागणाऱ्या कुरुळीसारख्या गावात तो द्यायचा कुणाला? माझ्या मते इथल्या ताणाचं मूळ वेळापत्रकात होतं. मार्च २०२० मध्ये सगळंच थांबलं. मे महिन्यापासून चाकणच्या औद्योगिक पट्ट्यातल्या कंपन्या टप्प्याटप्प्याने सुरू झाल्या. गावातले पहिली ते चौथीचे वर्ग उघडायला परवानगी मिळाली ती मात्र १ डिसेंबर २०२१ पासून. दीड वर्ष आईबापांना कामावर हजर राहायचं होतं आणि लहान पोराला ठेवायला जागा नव्हती. अंगणवाडी बंद, आणि सेविका घरोघरच्या सर्वेक्षणावर.

या पट्ट्यात मराठवाड्यातून, विदर्भातून, उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेली कुटुंबं भाड्याच्या एकेका खोलीत राहतात. आजी-आजोबा गावाकडे. रात्रपाळी करून आलेला बाप दिवसा ज्या खोलीत झोपणार, तीच मुलाची शाळा. ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ ही राज्याची मोहीम फोनवर चालायची. २०२१ च्या ‘असर’ या शिक्षणविषयक पाहणीत देशातल्या ग्रामीण भागात ज्या मुलांच्या घरी स्मार्टफोन होता, त्यांतल्याही साधारण चौथा हिस्सा मुलांना तो वापरायला मिळत नव्हता. मिळणार कसा? घरात एकच फोन असेल, तर तो कामावर जाणाऱ्याच्या खिशात असतो. राहिलेला अभ्यास घेण्याची जबाबदारी आईवर आली, तीही पाळी संपल्यावर, स्वयंपाक आटोपून. परिणाम पुढे दिसला. दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी तिसरीतली मुलं ग्रामीण महाराष्ट्रात २०१८ साली ४२.१ टक्के होती, ती २०२२ मध्ये २६.६ टक्क्यांवर आली. याचा दोष आईबापांच्या आळसावर टाकणं अन्यायाचं आहे.

कुणी म्हणेल, शाळा बंद ठेवल्या नसत्या तर साथ आणखी पसरली असती. सुरुवातीच्या महिन्यांपुरतं हे मला मान्य आहे. पण कंपनी उघडताना अंतर, मास्क, तापमान या सगळ्यांचे नियम झाले. कामगाराचं मूल दिवसभर कुठे राहील, हा प्रश्न कुणाच्या कागदावर आला नाही. दुसरा आक्षेप जुन्या माणसांचा: आमच्या पूर्वजांनी प्लेग काढला, तेव्हा कुठे होती समुपदेशनं? खरं आहे. पण प्लेगमध्ये लोक गाव सोडून रानात झोपड्या बांधून राहिले, तेव्हा म्हातारी माणसं, चुलते, पोरंबाळं बरोबर होती. कुरुळीतल्या भाडेकरूंकडे तो आधार नव्हता.

कामगारांची मुलं सांभाळण्याची सोय कायद्यात अजिबात नाही, असं मात्र नाही. मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघर बंधनकारक केलं. या मोजणीत पुरुषही येतात. पण सुटे भाग बनवणारी छोटी वर्कशॉप पन्नासच्या आत राहतात आणि सुटतात. छोट्या मालकाला पाळणाघर परवडणार नाही, ही तक्रार रास्त आहे; म्हणून ते एकट्याने चालवावं असं माझं म्हणणं नाही. पाळणाघराची हीच तरतूद सामायिक सोयीलाही वाव देते. दहा वर्कशॉप मिळून एक पाळणाघर चालवू शकतात, आणि ते पाळ्यांच्या वेळेप्रमाणे उघडं हवं, कारण अंगणवाडी काही तासांत सुटते. साथ नसतानाही त्याची गरज रोजची आहे. कुरुळीच्या ग्रामपंचायतीने जागा द्यावी, एमआयडीसीने आणि कारखानदारांच्या संघटनांनी खर्चाचा वाटा उचलावा. आणि ऐकणाऱ्या कामगार आईबापांनी हा विषय येत्या ग्रामसभेत लेखी मांडावा.