आधी काम, मग कार्ड
(गणेशोत्सवातील भाषण)



घरच्या कॉम्प्युटरला ग्राफिक्स कार्ड कुठलं घ्यावं, असं मंडळातले पालक हल्ली विचारतात. आम्ही तज्ज्ञ नाही. सरकारी नोकरी, इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा. पण एकदा चांगलेच फसलो आहोत, तेवढ्या अधिकाराने बोलतो.

आमची लेक टेक्स्टाईल डिझाईन शिकत होती आणि साडीच्या प्रिंटचं थोडं जॉबवर्क घरीच करायची. 2022च्या दिवाळीनंतर म्हणाली, "बाबा, कॉम्प्युटर अडकतो. आधी रॅम वाढवू, मग छोटं का होईना, नवं कार्ड घेऊ." पैसे तिच्याच पहिल्या कमाईतले. पण कार्ड म्हटलं की आम्हाला फक्त गेम दिसले, आणि वर काटकसरीचा अभिमान! निम्म्या किमतीत, 16 हजारांना, वापरलेलं मोठं कार्ड आणलं. बिल नाही, वॉरंटी नाही. ऑफिसात साधा पंखा घ्यायचा तरी आम्ही तीन कोटेशन मागवतो. इथे एकही नाही.

काम सुरू केलं की मशीन बंद पडायचं. मदरबोर्डचा स्लॉट कार्डाला फार तर 75 वॅट देतो. त्यापुढची वीज एसएमपीएसच्या वेगळ्या वायरीने द्यावी लागते. आमच्या जुन्या एसएमपीएसला तो भार पेलेना. वॅट बघायचे राहिले, तेही इलेक्ट्रिकलवाल्याकडून! एसएमपीएस बदलला, तर दोन महिन्यांत कार्डच गेलं.

कार्डं स्वस्त का झाली होती, ते मागाहून कळलं. इथेरियम हे आभासी चलन मिळवायला लोक अशी कार्डं रात्रंदिवस चालवत. 15 सप्टेंबर 2022ला त्या चलनाची पद्धत बदलली, कार्डांची गरज संपली आणि राबवलेला माल बाजारात आला. आमचं कार्ड त्यातलंच होतं का, देव जाणे.

म्हणून सांगतो, आधी काम विचारा. अभ्यास, ऑफिसची कामं, सिनेमा यांना प्रोसेसरमधलंच ग्राफिक्स पुरतं. फक्त इंटेलच्या प्रोसेसरच्या नावाशेवटी 'एफ' असेल तर ते नसतं. साडीच्या सपाट डिझाईनला आधी रॅम हवी. थ्रीडी, व्हिडिओ एडिटिंग किंवा मोठे गेम असतील तर चांगलं कार्ड घ्या, आणि त्याची स्वतःची मेमरी किती ते बघा. मग वॅट: 2021चं आरटीएक्स 3060 कार्ड 170 वॅटचं, तर 2023चं 4060 फक्त 115 वॅटचं. कॅबिनेटमध्ये मावेल का, ते मोजा. पक्कं बिल घ्या. मॉनिटरची वायर कार्डालाच लावा, नाहीतर कार्ड नुसतं बसून राहील. आणि आपल्या सचिनला लूमची बारीक धूळ पंख्यांत बसते, ती अधूनमधून साफ करा.

त्या 16 हजारांत लेकीची सहा महिन्यांची जागरणं होती. ती काहीच बोलली नाही, तेच जास्त लागलं. मग तिने सांगितलेली रॅम घेतली, आणि निम्मं अडणं तिथेच थांबलं. पुढच्या वर्षी तिने नवं कार्ड स्वतः निवडून आणलं. आम्ही फक्त वॅट मोजले.

गणपती बाप्पा मोरया!