प्रकाशाचा पडसाद



मराठीच्या प्राध्यापकाने खगोलशास्त्रावर बोलावे, याचे काहींना नवल वाटले असेल. परंतु जे प्रत्यक्ष पाहता येत नाही त्याचा हाती असलेल्या खुणांवरून शोध घेणे, हे आम्हा जुन्या पोथ्यांच्या अभ्यासकांचे नित्याचे काम. तेच काम ज्योतिर्विद केवळ प्रकाशाच्या चढउतारावरून कसे करतात, हे आज सांगावयाचे आहे.

‘कृष्णविवर’ हा शब्द आपल्याला परका नाही. डॉ. जयंत नारळीकर यांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी टोपणनावाने पाठविलेल्या कथेचे हेच नाव होते. बहुतेक मोठ्या दीर्घिकांच्या केंद्रस्थानी सूर्याच्या लक्षावधी ते अब्जावधी पट वस्तुमानाचे असे विवर असते. त्याच्याकडे ओढला जाणारा वायू सरळ आत पडत नाही. अंगच्या फिरण्यामुळे तो भोवती फेर धरतो आणि त्याची तबकडी बनते. परिभाषेत तिला संचयन-तबकडी म्हणावे. शब्द किंचित कचेरीतला आहे, पण अर्थ नेमका सांगतो. ही तबकडी तापून प्रकाशते. आतला भाग अतितप्त, म्हणून त्याचा प्रकाश अतिनील. बाहेरचा त्या मानाने थंड, म्हणून तांबूस. कोणत्या अंतरावर किती तापमान असावे, याचे गणित शाकुरा आणि सुन्यायेव या सोव्हिएत शास्त्रज्ञांनी १९७३ साली मांडले.

गणित मांडले खरे, पण पडताळावे कसे? या तबकड्या इतक्या दूर आहेत की नेहमीच्या दुर्बिणीतून केवळ एक ठिपका दिसतो. मात्र तो ठिपका लुकलुकतो, आणि सारे रहस्य त्या लुकलुकण्यात आहे.

१९६३ साली मार्टेन श्मिट यांनी ‘थ्री-सी २७३’ हा ताऱ्यासारखा दिसणारा ठिपका वस्तुतः अब्जावधी प्रकाशवर्षे दूर असल्याचे दाखविले. त्याच वर्षी हार्लन स्मिथ आणि डॉरिट हॉफ्लिट यांनी हार्वर्ड वेधशाळेतील काचांवरची जुनी छायाचित्रे काढून तपासली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून जपलेल्या त्या काचांवर हा ठिपका कमीअधिक तेजस्वी होत आल्याची नोंद सापडली. ज्यांनी ती छायाचित्रे घेतली त्यांना क्वासार हा शब्दही ठाऊक नव्हता! आता, प्रकाशाला वस्तू ओलांडण्यास जितका वेळ लागतो, त्याहून पुष्कळ कमी वेळात ती सबंध वस्तू उजळू वा मंदावू शकत नाही. म्हणजे चढउताराचा काळ कळला की आकाराची कमाल मर्यादा कळते.

पुढची पायरी अधिक सुंदर आहे. विवराजवळ भडका उडाला की त्याचा प्रकाश बाहेर धावतो, तबकडीचे बाहेरचे भाग तापवतो आणि तेही उजळतात. त्यामुळे तोच चढउतार प्रथम अतिनील, मग निळ्या आणि नंतर तांबड्या प्रकाशात दिसतो. डोंगराच्या पडसादाला लागलेल्या वेळावरून अंतर काढावे, तसेच हे. प्रकाश एका दिवसात सुमारे २,६०० कोटी किलोमीटर जातो. उशीर मोजला की अंतर हाती येते. येथे फूटपट्टीचे काम घड्याळ करते.

भूतप तारकासमूहातील ‘एनजीसी ५५४८’ ही दीर्घिका सुमारे २५ कोटी प्रकाशवर्षे दूर आहे. २०१४ साली हबल दुर्बिणीने जवळजवळ सहा महिने, बहुधा रोज, तिचे वेध घेतले. स्विफ्ट उपग्रह आणि पृथ्वीवरील अनेक दुर्बिणी जोडीला होत्या. उशीर काही तासांपासून दोन-तीन दिवसांपर्यंत भरला. रंगांचा क्रम गणिताप्रमाणेच होता, पण तबकडी अपेक्षेच्या सुमारे तिप्पट मोठी निघाली.

येथे मतभेद सुरू होतात. काहींच्या मते भोवतालच्या वायूमेघांचा प्रकाश तबकडीच्या प्रकाशात मिसळून उशीर वाढवितो. हे पुष्कळ अंशी पटण्याजोगे आहे, कारण त्या मेघांचा प्रकाश जेथे अधिक असावा, नेमका त्याच रंगात उशीरही अधिक आढळला. परंतु मधल्या दीर्घिकेतील ताऱ्यांच्या गुरुत्वामुळे दूरच्या क्वासारचे तेज बदलते, त्यावरून आकार काढण्याची एक स्वतंत्र रीत आहे. तिनेही बहुधा तबकड्या मोठ्याच दाखविल्या. दोन निरनिराळ्या प्रतींत एकच अनपेक्षित पाठ सापडला, तर आम्ही तो सहसा लेखनिकाच्या माथी मारीत नाही. मला वाटते, तबकडीच्या गणितातही काही दुरुस्ती करावी लागेल. तिचे तापमान सर्वत्र सुरळीत न उतरता जागोजागी डागाळलेले असावे, असेही सुचविले गेले आहे.

२०२१ साली ६७ दीर्घिकांच्या अभ्यासातून दिसले की विवर जितके भारी, तितका त्याच्या लुकलुकण्याचा ठरावीक काळ लांब. सूर्याच्या १० कोटी पट विवराला तो सुमारे १०० दिवसांचा. अशा मोजणीला वर्षानुवर्षांचे वेध हवेत.

चिलीतील व्हेरा रुबिन वेधशाळेची पहिली चित्रे जून २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली. तिची योजना दहा वर्षे दक्षिण आकाश पुनःपुन्हा टिपण्याची आहे. मात्र तबकडीतील एक-दोन दिवसांचा उशीर पकडायचा, तर एकाच जागेकडे वरचेवर पाहावे लागते. ती सोय सबंध आकाशासाठी नाही. थोडी निवडक क्षेत्रेच अधिक वेळा टिपली जातील, आणि त्या तिप्पट आकाराचा निवाडा बहुधा तेथल्या नोंदींवरून लागेल.