खारे पाणी, भराव आणि पाहुण्या वनस्पती



आजचे वाशी ज्या भूमीवर उभे आहे, तिचा बराचसा भाग एके काळी खारजमिनीचा, भातखाचरांचा आणि मिठागरांचा होता. आगरी व कोळी समाजाने बांध घालून आणि उघाड्या बसवून खाडीच्या पाण्याला आवर घातला होता. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि नव्या शहरासाठी या सखल भूमीवर भराव पडू लागला. बांधाबाहेर भरती-ओहोटीचे राज्य कायम राहिले. आत मात्र पावसाच्या गोड्या पाण्यावर वाढणाऱ्या वनस्पतींना नवी जागा मिळाली. देशी व परदेशी वनस्पतींचे नाते समजून घ्यावयाचे असेल, तर या दोन बाजू शेजारी शेजारी पाहाव्यात.

खाडीकडील बाजूस तिवराचे प्राबल्य आहे. श्वासासाठी चिखलातून वर येणारी मुळे आणि पानांवाटे मीठ बाहेर टाकण्याची क्षमता यांमुळे तिवर ज्या जागी सुखाने नांदतो, त्या जागी बहुतेक उपऱ्या वनस्पतींचा निभाव लागत नाही. उल्हास नदीच्या गोड्या पात्रात माजणारी जलपर्णीसुद्धा खाऱ्या पाण्यात तग धरीत नाही. तिवराच्या मुळांत गाळ अडतो, आणि त्या गाळावर मारांडीसारख्या इतर देशी वनस्पतींना आधार मिळतो. ठाणे खाडीचा काही भाग २०१५ मध्ये रोहित पक्ष्यांसाठी अभयारण्य घोषित झाला व २०२२ मध्ये त्यास रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. तेथील कांदळवनाचे खरे संरक्षण भरतीचे पाणी करते. राडारोडा टाकून ते पाणी तोडले, की तिवर सुकतो आणि रानटी झुडपांना वाट मोकळी होते.

बांधाच्या आतील मोकळ्या भरावावर चित्र निराळे दिसते. गाजरगवत, घाणेरी, सुबाभूळ ही मंडळी उघड्या, ढवळलेल्या मातीत सर्वांआधी येतात. गाजरगवत १९५५-५६ च्या सुमारास पुण्यात प्रथम नजरेस आले. त्याचे एक रोप हजारो बिया टाकते आणि अनेकांना त्वचेचे विकार जडविते. शाळांनी श्रमदानात ते उपटावयाचे झाल्यास फुलोऱ्यापूर्वी, जमीन ओली असताना, आणि हातमोजे घालूनच उपटावे. मुलांच्या उघड्या हातांनी हे काम करून घेणे सर्वथा अनुचित होय.

तथापि, परदेशी म्हणजे आक्रमक असे समीकरण मांडणे बरोबर नाही. मिरची, पेरू आणि काजू अमेरिका खंडातून आले. त्यांच्याविना कोकणातील स्वयंपाकघराची कल्पनाही करवत नाही. वनस्पतीचे मूळ गाव कोणते, याहून ती इतरांच्या रोपांना वर येऊ देते की नाही, हे पाहणे अधिक उपयुक्त ठरते.

घाणेरीचेच उदाहरण घ्यावे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शोभेचे झुडूप म्हणून ती भारतात आली. बुलबुलांनी तिची फळे खाल्ली आणि बिया रानोमाळ पसरविल्या. तेच बुलबुल तिच्या फांद्यांवर बसून देशी झाडांच्या बियाही खाली टाकतात, आणि गुरांच्या तोंडापासून कोवळे रोप वाचविण्यास तिचा काटेरी आडोसा कधी कधी उपयोगी पडतो. फुलपाखरेही तिच्या फुलांवर येतात. परंतु हे साहाय्य झुडूप विरळ असेतोवरच. जाळी दाट झाली, की खाली ऊन पोहोचत नाही आणि त्याच रोपाचा जीव गुदमरतो.

गिरिपुष्पाचे, म्हणजे उंदीरमारीचेही असेच आहे. ते हवेतील नत्र जमिनीत आणते, त्याचा पाला भातशेतीस उत्तम खत ठरतो, आणि गुरे सहसा त्यास तोंड लावीत नसल्याने उघडे डोंगर लवकर हिरवे दिसू लागतात. पुण्याच्या वेताळ टेकडीवर मात्र एकट्या त्याच्याच दाटीमुळे देशी गवते व झुडपे मागे पडली. शेताच्या बांधावर ते जरूर लावावे. टेकडीवर त्याचीच रांग उभी करू नये. खतासाठी पाला आणि नत्र देशी करंजही देतो, आणि खारट वारा तो सोसतो.

घाणेरी काढावयाची असल्यास नुसती छाटून भागत नाही. ती दुप्पट जोमाने फुटते. जमिनीखाली मुळाच्या गड्ड्याशी ती कापून उलटी ठेवावी लागते. मोकळी झालेली जागा एक पावसाळाही उघडी राहिली, तर बियांतून तीच पुन्हा येते. म्हणून देशी गवताचे बी आणि करंज, उंडी यांची रोपे आधी सिद्ध ठेवावीत. खर्चाच्या अंदाजपत्रकात काढणीची मजुरी असते, पुढील दोन-तीन वर्षांच्या निगराणीची तरतूद मात्र पुष्कळदा नसते. अशा कामावरील पैसा वाया जातो.

वाशीच्या धारण तलावांत तर प्रश्नच उलटा झाला आहे. भरतीच्या वेळी दारे बंद करून पावसाचे पाणी या तलावांत साठवावे व ओहोटीस खाडीत सोडावे, अशी योजना आहे. तलावांत गाळ साचला आणि त्यावर अस्सल देशी तिवर आपण होऊन रुजला. पाण्याची जागा घटली, की अतिवृष्टीत शहराला धोका संभवतो. दुसरीकडे, मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निर्णयानुसार सार्वजनिक हितासाठी आवश्यक असल्याखेरीज, आणि न्यायालयाच्या परवानगीवाचून, कांदळवन तोडता येत नाही. ठाणे-रायगडच्या खारपट्ट्यातील पंचायतींनी आपल्या उघाड्यांची तोंडे याच दृष्टीने पाहावीत. तेथील गाळ दरवर्षी पावसाळ्यापूर्वी निघाला, तर तिवराला त्या जागी रुजण्यास वावच उरत नाही.