ओतशाळेत काय ओतून मिळते?

मी इतिहासाचा अध्यापक. धातूंच्या ओतकामावर मी बोलावे याचे आपणांस नवल वाटेल. मलाही वाटते. पण मागच्या उन्हाळ्यात पंपाच्या एका पंख्याने मला हा विषय शिकायला लावला, आणि त्याची फीही चांगली सणसणीत घेतली.

काटोलकडे माझ्या थोरल्या भावाचा संत्र्याचा बगीचा आहे. मे महिना होता. आंबिया बहाराची फळे सुपारीहून जराशी मोठी झालेली, विहीर तळाला गेलेली, आणि नेमका त्याच वेळी पंपाच्या आतला पंखा, ज्याला कारागीर इंपेलर म्हणतात, तो फुटला. पंप जुना, पंखा बाजारात मिळेना. दादा म्हणाला, "तू नागपुरात राहतोस, तेवढा एक ओतून आण." मी दोन्ही तुकडे पिशवीत घालून एका ओतशाळेत गेलो. त्यांनी तुकडे जोडले, तोच नग रेतीत दाबून साचा घेतला, आणि चौथ्या दिवशी लखलखीत पंखा माझ्या हातावर ठेवला. पंप बसला, गुरगुरला, आणि पाइपातून करंगळीएवढी धार आली. दादा माझ्याकडे बघून म्हणाला, "फिरतो तर बरोबर रे, मग पाणी काहून येत नाही?"

याचे उत्तर दुसऱ्या ओतशाळेतल्या एका वृद्ध मिस्त्रींनी दिले. पंखा हातात घेऊन त्यांनी पट्टी लावली आणि विचारले, "जुनाच नग मातीत दाबला न सर?" मग समजावले ते असे. वितळलेला धातू थंड होताना आकसतो. गनमेटल शेकडा सुमारे दीड टक्का आकसते. म्हणजे 200 मिलिमीटर व्यासाचा नग ओतला की 197 चा निघतो. वर कडा लेथवर साफ करताना चार मिलिमीटर गेले, राहिले 193. सात मिलिमीटर ती काय, असे आपण म्हणू. पण पंखा पाणी किती उंच उचलतो ते त्याच्या व्यासाच्या वर्गावर ठरते, म्हणून उचल सात टक्क्यांनी घटते. वीस मीटर उचलणारा पंप साडेअठरावर आला, आणि विहिरीचे पाणी तर त्याच दिवसांत खाली गेलेले! म्हणून खरा पॅटर्न लाकडाचा, मुद्दाम मोठा करावा लागतो. पॅटर्न करणाऱ्या सुताराची मोजपट्टीही त्या हिशेबाने लांब आखलेली असते. त्या पट्टीवरचा सेंटिमीटर आपल्या सेंटिमीटरहून मोठा. ही गोष्ट मला इतकी गमतीची वाटली की क्षणभर मी बगीचाही विसरलो.

मी विचारले, "तुमच्याकडे किती किलोपर्यंतचे काम होते?" मिस्त्री हसले. "कशाचे?" म्हणाले. मूस एकच, पण पितळ जिच्यात पन्नास किलो मावते, तिच्यात ॲल्युमिनियम जेमतेम पंधरा-सोळा किलो मावेल, कारण ते तितके हलके. शिवाय मुशीतला सगळा धातू नगात जात नाही. साच्यात धातू नेणाऱ्या वाटा भरतात, आणि नग आकसताना त्याला वरून धातू पुरवायला रायझर नावाचे साठे ठेवावे लागतात. ते मागाहून कापून पुन्हा भट्टीत घालतात. तेव्हा पन्नास किलोच्या मुशीतून पन्नास किलोचा नग मागणारा गिऱ्हाईक आला, की त्याला प्रामाणिकपणे नाही म्हणायचे.

प्रत्येक धातूचे खोडसाळपणही वेगळे. ॲल्युमिनियम 660 अंशांवर वितळते, बिडापेक्षा किती सोपे! पण वितळलेले ॲल्युमिनियम ओलाव्यातून हायड्रोजन पिते, थिजताना तो बाहेर टाकते, आणि नगात सुईच्या टोकाएवढी भोके राहतात. वरून नग आरशासारखा, आत स्पंज. पितळेची तऱ्हा निराळी. तांबे 1083 अंशांच्या आसपास वितळते, तर जस्त 907 अंशांवर उकळूच लागते. म्हणून जस्त शेवटी घालायचे आणि भट्टी फार तापू द्यायची नाही. नाहीतर जस्त पांढऱ्या धुराने उडून जाते. तो धूर छातीत गेला की संध्याकाळी हुडहुडी भरून ताप येतो. कारागीर त्यावर गूळ खातात, दूध पितात. उपयोग मात्र धूर बाहेर नेणाऱ्या पंख्याचाच. या ओतशाळेत तसा पंखा होता. पहिल्या ठिकाणी नव्हता, हे मला तेव्हा आठवले. ओल्या साच्यात किंवा ओल्या मुशीत धातू पडला तर पाण्याची क्षणात वाफ होऊन धातू कारागिराच्या अंगावर उडतो, तेही मिस्त्रींनी सांगितले. सांगताना त्यांनी बाही वर केली. मी पुढे काही विचारले नाही.

इतिहासाच्या माणसाला एवढ्यावर राहवत नाही. आपल्या अजब बंगल्यात, म्हणजे मध्यवर्ती संग्रहालयात, रामटेकजवळच्या हमलापुरीच्या वाकाटककालीन बुद्धमूर्ती आहेत. कधी गेलात तर थोडे थांबून पाहा. अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यातल्या दायमाबादला 1974 साली सापडलेला हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलांचा रथ तर याहून किती जुने, आणि चौघांचे मिळून वजन साठ किलोंच्या वर. चालुक्य राजा सोमेश्वराच्या 'मानसोल्लासा'त बाराव्या शतकात मेणाच्या मूर्तीचे वजन करून त्यावरून धातू किती घ्यायचा तो हिशेब दिला आहे. मिस्त्रींना मी हे सांगितले, तेव्हा ते म्हणाले, "आम्हीही पॅटर्नचे वजन करूनच धातू काढतो. त्यात काय नवीन?"

आमचा पंखा त्यांनी 85 भाग तांबे आणि कथील, शिसे, जस्त प्रत्येकी पाच भाग असा ओतला. मी पितळ स्वस्त पडेल म्हणालो होतो. त्यांनी नकार दिला. पाण्यात पितळेतले जस्त हळूहळू निघून जाते आणि मागे पोकळ, ठिसूळ तांबे उरते, म्हणाले. लाकडी पॅटर्नला पाच दिवस, ओतायला एक, लेथला एक. तोवर पूर्वेकडच्या दोन ओळींची फळे गळून गेली होती. उरलेल्या झाडांना पाणी मिळाले.

पहिला पंखा मिस्त्रींनी भंगाराच्या भावाने वजन करून घेतला आणि पैसे बिलातून वळते केले. लाकडी पॅटर्नवर दादाच्या गावाचे नाव रंगाने लिहून तो माळ्यावर ठेवला आहे. "पंप पुन्हा फुटला तर नग आणू नका," ते म्हणाले, "नुसते गावाचे नाव सांगा."